बांचं सामान

१० नोव्हेंबर, रविवार

पोचलो एकदाचे सुरतला! घर पर्वत पाटियापासून जवळ, सोसायटीतलं जोडघर. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, पुढे चिमूटभर अंगण. गौरी आल्यापासून जिन्यावरून खाली-वर करतेय. अकोल्याच्या ब्लॉकमध्ये तिला जिना कुठे मिळाला होता! मुकुंदलाही पलसाण्याची मिल इथून सोयीची. तो तिथे कापड रंगवायच्या विभागात रुजू होतोय.

घरमालक मगनभाई किल्ली द्यायला आले, पण उंबऱ्याच्या आत काही आले नाहीत. इथे त्यांच्या आई राहायच्या, सगळे त्यांना 'बा' म्हणायचे. गेल्या वर्षी याच घरात गेल्या. सामान अजून जिथल्या तिथे आहे. हॉलमध्ये शिसवी झोपाळा, फळीवर पितळेचे डबे, वरच्या कपाटात पांढऱ्या साड्या, गोधड्यांची चळत. हे कधी नेताय, असं मी विचारलं. ते घाईघाईने म्हणाले, हमको कुछ नहीं चाहिए, आप जिसको देना हो दे दो.

मुकुंद हसून म्हणाला, अपर्णाच्या हातात काय दिलंय हे त्यांना माहीत नाही. खरंय. भरलेलं कपाट दिसलं की माझे हात शिवशिवतात.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कामाला शांताबाई मिळाल्या. गोडादऱ्याहून येतात. माहेर-सासर दोन्ही पारोळ्याकडचं, अहिराणी कानाला इतकी गोड लागते! मुलगा निंबा लूमवर आहे, सून अश्विनी नुकतीच बाळंत झालीय. गोधड्या त्यांना दिल्या, बाळाला होतील. पितळेचे डबे निंबाने मोडीत घातले, त्याच्या बदल्यात अश्विनीला स्टीलची नवी भांडी आली. साड्या शांताबाईंनी शेजारणींना वाटल्या.

दिल्यावर घर कसं श्वास घेतं! अडगळीत माणसाचा जीव गुदमरतो असं मी नेहमी म्हणते. कुणाच्या तरी उपयोगी पडलं की वस्तूचंही सार्थक होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज झोपाळा गेला. कडोदऱ्याच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमाने टेम्पो पाठवला होता. कड्या काढताना शेजारच्या रंजनबेन कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बांनी जुनी रद्दीसुद्धा कधी घराबाहेर जाऊ दिली नाही. एकदा लग्नघरी दिलेली वाटी परत आणायला त्या भर जेवणावळीत गेल्या होत्या. मी म्हटलं, आता त्यांना काय त्याचं. रंजनबेन आत गेल्या आणि भर दुपारी दार लावून घेतलं.

हॉल आता ऐसपैस दिसतोय. गौरीने मधोमध गिरक्या घेतल्या.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कुकर सापडत नाही. परवा त्यातच वरण लावलं होतं. माझी मोरपंखी साडीही दिसत नाही. आवराआवरीत मीच कुठे कोंबलं असणार. मुकुंद चिडवतोय, दिलंस वाटतं तेही!

२३ नोव्हेंबर, शनिवार

शांताबाई दोन दिवस आल्या नाहीत, म्हणून सकाळी गोडादऱ्याला गेले. खोलीत शिरले तर शेगडीवर माझा कुकर. आणि बाळाला मांडीवर घेऊन बसलेली अश्विनी, अंगावर माझी मोरपंखी साडी.

मला रागाने काही सुचेना. पण शांताबाई जराही ओशाळल्या नाहीत. नातवाला ताप होता म्हणून आले नाही, असं सांगून त्यांनी मला बसायला पाट दिला. मी साडीकडे बोट दाखवलं.

"तुमनी सासूनी दिधं ना माले," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोरीला व्हॅनवर सोडाले गयात, तधळ. म्हने, हे काढी टाकानं शे, लई जा."

"कोण सासू?"

"धवळी साडीवाली. दारमा उभी व्हती."

मी सांगितलं, माझ्या सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या. आमच्या घरात म्हातारं माणूस नाही.

शांताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी उकळता कुकर तसाच फडक्याने उचलला आणि माझ्या पायाशी ठेवला. अश्विनी आत जाऊन साडी बदलून आली. साडी हातात घेतली तर ती अजून तिच्या अंगाने कोमट होती. मला ती पिशवीत भरवेना.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मुकुंदने कुलूप बदललं. त्याच्या मते शांताबाईच चोर, बाकी सगळा बनाव. मला तसं वाटत नाही. त्या आता येत नाहीत. निरोप धाडला, बाई, राग मानू नका, पण तुमच्या दाराशी मी येणार नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सोसायटीच्या गेटवरच्या बळीरामने मुकुंदचा कोट घातलाय. लग्नातला. मुकुंदने गाडी थांबवून विचारलं, तर त्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला, माँजींनी बोलावून दिला, थंडी पडेल म्हणून. माँजींना सांगा, अगदी बरोबर बसला.

मुकुंद आत आला, पाणी प्यायला, हॉलमध्ये उभा राहिला. मग हळूच विचारलं, त्या बांचं नेमकं काय काय दिलंस तू?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं परत आणायचं असं ठरवलं. मुकुंदने रजा काढली.

काही मिळालं नाही. डबे कधीच वितळले. गोधड्या फाडून बाळाची दुपटी झाली होती, पण ताप हटेना म्हणून शांताबाईंनी ती तापीत सोडली. त्याच दिवशी ताप उतरला म्हणे. साड्यांचा पत्ता नाही. वृद्धाश्रमात झोपाळ्यावर बसायला कुणी धजावलं नाही. फळी चिरून बंबात घातली. तिथली बाई म्हणाली, जळताना फार धूर झाला, आजीलोक खोकून खोकून बेजार.

परत द्यायला आता आमच्याकडे काहीच नाही.

घरी आलो तर डायनिंग टेबल नव्हतं. रंजनबेन गच्चीवरून पाहत होत्या. हातगाडी आली होती, म्हणाल्या. आणि, तुम्ही निघा इथून.

१ डिसेंबर, रविवार

मगनभाई फोन उचलत नाहीत. मुकुंदने उधन्याला दुसरी जागा बघितली, गुरुवारी मिळेल. तोवर घराला एकटं सोडायचं नाही. मी बसून राहते. पण डोळा हलला की काहीतरी जातं. आज गौरीचे फ्रॉक. कपाटात नुसते हँगर, अजून हलत होते.

ती कधीच दिसत नाही. मला नाही, मुकुंदला नाही. घेणाऱ्यांनाच दिसते.

गौरीने विचारलं, आई, आजीला आपलं काहीच का आवडत नाही?

मी विचारलं, कोण आजी. ती म्हणाली, काल तिने माझे केस हातात घेऊन बघितले. दात पण बघितले.

२ डिसेंबर, सोमवार

गौरीला शाळेत पाठवलं. घरापेक्षा शाळा बरी. मुकुंद स्वतः सोडून आला. आणायलाही तोच जाईल.

दुपार. मुकुंद शाळेत गेला तर गौरी नाही. व्हॅनवाला म्हणाला, आजी फाटकाशी आल्या होत्या, त्यांनी सांगितलं आज गोडादऱ्याला सोड, नव्या घरी. त्याने सोडली.

सापडली. गोडादऱ्यातली एक गल्ली. एका घराच्या पायरीवर बसून शेव खात होती. डोक्याला तेल, घट्ट वेण्या, नवा फ्रॉक. मी धावले. हाक मारली. ती उठली आणि त्या घरातल्या बाईच्या पदरामागे लपली.

तिने मला ओळखलं नाही. माझी गौरी. तिने त्या बाईला विचारलं, "मम्मी, ही कोण?"

बाई वाईट नाही. रडत होती तीही. पदरी मूल नाही. म्हणाली, आजीबाईंनी माझ्या हातात हात दिला हिचा, आता मी कशी सोडू. माणसं जमली. कुणीतरी मला धरलं. मुकुंद म्हणाला, तू घरी जा, जन्मदाखला घेऊन ये, मी इथून हलत नाही. मी रिक्षा केली.

दाखल्याची फाईल नाही. अल्बम नाही. भिंतीवर फोटोंचे खिळे आहेत—

मुकुंदला फोन केला. लागला. मी म्हटलं, फाईल गेली. तो म्हणाला, कोण बोलतंय? मी म्हटलं, अरे मी. मागे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं. तो अगदी अदबीने म्हणाला, ताई, राँग नंबर लागला तुमचा.

पुन्हा लावला. उचलत नाही.

पळायला हवं. दार उघडं आहे, दिसतंय मला. पण पाय उचलत नाहीत, कुणीतरी उचलून नेईपर्यंत जागच्या जागी असावं तसं— म्हणून लिहितेय. हात अजून चालतो.

दारात माणसं आहेत. एक पुरुष, एक बाई. चपला काढल्या त्यांनी. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकतेय. किती मऊ आहे. गुजरातीत सांगतेय— हाताला चव आहे, घर लख्ख ठेवते, तब्येतीची कुरकुर नाही. पुरुषाने विचारलं, रडणार तर नाही? ती म्हणाली, थोडे दिवस रडेल, मग रुळेल.

ते आत येताहेत.

बाई माझ्याकडे बघून हसली. विचारतेय, नाव काय हिचं. आणि ती म्हणाली, जुनं नाव कशाला, तुम्हाला आवडेल ते ठेवा.

आहे मला नाव. लिहून ठेवते, म्हणजे— माझं नाव आहे—