कुलपातली किट

धानोरा, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. आज लॅबमध्ये टीबीच्या पेशंटच्या थुंकीची डबी फरशीवर सांडली. मी ओरडले, पंखा बंद करा, सगळे बाहेर व्हा, सांडलेलं साफ करायची किट काढा. किट कपाटात. कपाटाची किल्ली आमचे थोर सिनियर टेक्निशियन मोरेश्वरभाऊ यांच्या खिशात.

"किट काऊन फोडता मॅडम? तपासणीवाले आले का दाखवाले लागते."

दाखवायला! आत जंतू मारायचं औषध, हातमोजे, मास्क, आणि हा माणूस ती देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जपतो. वास जावा म्हणून यांनी उलट पंखाच वाढवला, वर अगरबत्ती लावली. जंतू काय अगरबत्तीला घाबरतात? मी किल्लीसाठी भांडतेय तोवर यांनी बोलावलेली सफाईवाली सुनीताबाई नाकाला पदर लावून झाडूने ते गोळा करत होती. तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी भाऊ खूश. "पाहा, किट जशीच्या तशी हाय."

हो ना. मास्कसुद्धा पाकिटात जसाच्या तसा. आणि तोच पदर खांद्यावर घेऊन सुनीताबाई घरी गेली. तिचं तान्हं पोर त्याच पदराखाली दूध पितं.