आधी विचारपूस, मग हत्ती

ओकावांगो नदीच्या पाण्यातलं आमचं बेट,
सोमवार, पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर

तीर्थरूप मोलेफीमामा,

डावा हात उजव्या कोपराला लावून भाचा ओलेबिले याचा नमस्कार. आपण कसे उठलात? मामी कशी उठली? गुडघा थंडीत कुरकुरतो की आता त्यालाही सवय झाली? पांढऱ्या कपाळाची गाय व्याली का? बोअरला पाणी आहे ना? शेजारचा मोकगोसी आपल्या कोंबड्यांना अजून स्वतःच्याच म्हणतो का? माझी तब्येत उत्तम आहे. नोकरीची तब्येत शुक्रवारपर्यंत कळेल.

आपल्याला ठाऊकच आहे, मी सात वर्षं या लॉजवर गोऱ्या पाहुण्यांच्या चादरी धुतल्या आणि गेल्या वर्षी वाटाड्याची परीक्षा पास झालो. (तिसऱ्या खेपेला. आधीच्या दोन्ही वेळा पक्षी आडवे आले. तपकिरी पक्षी इतक्या प्रकारचे असावेत, हे मला आजही पटत नाही.) आता माझ्या शर्टाला खांद्यावर पट्टी आहे, जीप माझ्या हातात आहे, आणि खरं सांगायचं तर या कामावर माझा जीव आहे. ते जाईल या भीतीने चार दिवस मी जीप रोज तीनदा पुसतोय. बाकी सगळं ठीक.

झालं असं. शुक्रवारी सकाळी सोल्वेगबाई तंबूपुढच्या ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. नॉर्वेच्या आहेत, सत्तरी उलटलेली, एकट्याच आलेल्या. त्यांच्या पाठीमागे, आपल्या गोठ्यापासून चुलीपर्यंत असेल तेवढ्या अंतरावर, आमच्या बेटावरचा म्हातारा रानहत्ती येऊन उभा राहिला. मी बघितलं आणि लगबगीने गेलो. आता मला सांगा मामा, वडीलधाऱ्या बाईसमोर जाऊन, ना नमस्कार ना विचारपूस, एकदम ‘हत्ती!’ म्हणून कसं ओरडायचं? आपणच मला लहानपणी कान धरून शिकवलंत, घर पेटलं तरी आधी माणसाला कसा उठलास ते विचार, मग बादली माग. मी टोपी काढली, म्हटलं, “दुमेला, बाई. कशा उठलात?”

इथवर माझी चूक नाही. पुढची चूक बाईंची. एरवी पाहुणे नुसते ‘छान’ म्हणतात आणि बशीतलं बिस्किट उचलतात. या बाईंनी मात्र आपल्याकडच्या रीतीरिवाजांचं पुस्तक विमानात पाठ केलेलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि नीट उत्तर दिलं. कशा उठल्या, किती वाजता, कोणत्या कुशीवर. मग उलट मला विचारलं. मी सांगितलं. घरच्यांचं विचारलं, तर बहिणीच्या मोतीबिंदूचं निघालं. गुरांचं विचारलं, तर गुरं नाहीत पण मांजर आहे, आणि मांजराचा इतिहास मोठा. एवढं मनापासून बोलणाऱ्या माणसाला मध्येच तोडणं माझ्या जिभेला जमेना. विचारपूस पावसापाण्यापर्यंत आली तेव्हा हत्तीने पाण्याचा नळ सोंडेने उपटला होता. मग मी म्हटलं, “आणि बाई, मागे हत्ती आहे.”

बाईंना खरचटलंसुद्धा नाही. पण टाकी रिकामी झाली आणि बाकीचे अकरा पाहुणे अंगाला साबण लावून उभे राहिले. (एकजण तसाच ऑफिसात आला. त्याचं वर्णन मामीसमोर नको.)

आमच्या मॅनेजर दिनेओबाई सेरोवे गावाकडच्या, म्हणजे आपल्याच लोकांतल्या, पण शहरात शिकून आल्यात. त्या म्हणाल्या, “ओलेबिले, हत्ती विचारपूस संपायची वाट बघत नाही.” मी म्हटलं, थांबला होता, बाई, दहा मिनिटं थांबला होता. हे बोलायला नको होतं. मी पुन्हा चादरींकडे जायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

लोभ आहेच, तो वाढवावा.

आपला भाचा,
ओलेबिले

ता.क. मामीला सांगा, तिने दिलेल्या वाळवलेल्या भाजीचा डबा माकडांनी नेला. डबा परत आला.

ता.क. २ ठरलं होतं, पण सोल्वेगबाई मध्ये पडल्या. इतक्या वर्षांत आपण कशा उठलो हे कोणी उत्तर ऐकण्यासाठी विचारलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. हे तुला कोणी शिकवलं, असंही विचारलं. मी आपलं, मोलेफीमामांचं, नाव सांगितलं. त्यांना आपल्याला भेटायचंय. दिनेओबाई त्यांना म्हणाल्या, ठीक आहे, भेटून या आणि शुक्रवारपर्यंत मला फोन करा. तुम्ही म्हणाल तसं करते. म्हणजे माझी जीप आता आपल्या अंगणात उभी आहे असं समजा.

ता.क. ३ आपल्या गावी गुमारेला पोस्ट पोचायला पंधरा दिवस लागतात, म्हणून हे पत्र मी सोल्वेगबाईंच्याच हाती देतोय. आपण वाचत असताना कोणी बोललेलं आपल्याला खपत नाही, हेही मीच त्यांना बजावलंय. तेव्हा पहिल्या ओळीपासून त्या आपल्यासमोर उन्हात गप्प उभ्या असतील. मामा, खुर्ची द्या.