एकटाच आहे म्हणून सांगायचं

मावशी,

तू गेलीस तेव्हा मी सुरतेला होतो, मला कोणी कळवलंच नाही. आता मस्कतला असतो, बिल्डिंगांच्या बाहेरून परांच्या बांधतो. इथंही किती टिकेन माहीत नाही, माझं बूड एका जागी टेकत नाही हे तू पहिल्यापासून बोलायचीस. आज लिहायला बसलो कारण परवा सरांचा फोन आलेला. आपले सर अजून तिथेच आहेत, खडवलीच्या अनाथाश्रमात. म्हणाले, आता कमावता झालास, आपल्या एका पोराचं पालकत्व घे. घरी न्यायचं नाही, त्याची शाळा, कपडे, जेवण तेवढं तुझ्याकडे. मी लगेच हो बोललो, छाती फुगली ना. मग त्यांनी व्हिडिओ पाठवला. सहा-सात वर्षांचा पोरगा, केस तेलाने चापून बसवलेले, नव्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. नाव सांगतो, इयत्ता सांगतो आणि हात मागे बांधून म्हणतो, "मला कोणी नाही." घेतोस का याला, रविवारपर्यंत सांग, असं सरांचं म्हणणं.

ते वाक्य मला पाठ आहे. माझ्या भावाला तूच शिकवलेलंस.

आई-बाप गेल्यावर मोहन्याच्या चाळीतून आम्हा दोघांना आश्रमात आणून सोडलं तेव्हा तो जेमतेम बोलायचा आणि मी सगळ्यांना चावायचो. भावाचं पालकत्व घ्यायला डोंबिवलीचं एक जोडपं यायचं होतं त्या सकाळी तू मला किचनमध्ये बोलावलंस, तिथलं रांधणं तुझ्याकडे होतं. तू कांदा चिरतेयस, डोळे पुसतेयस, आणि बोलतेयस, "आज तू कोठीत बसाचा. आवाज कराचा नाय." मी विचारलं का. तू सुरी खाली ठेवलीस. तेव्हा मला आश्रमाची रीत कळली. आलेल्या माणसाला दोन भावंडं आहेत असं सांगायचं नाही. सांगितलं की माणूस विचारात पडतो, एकाला घेतलं तर दुसऱ्याला काय वाटेल, आणि विचार करत करत दोघांनाही सोडून निघून जातो. तुम्ही लोकांनी हे बघितलेलं. "तू रानातला झार हास," तू बोललीस, "कुठंबी उगशील. त्याला कोनी पानी घालाव लागल."

मी तांदळाच्या गोण्यांमागे बसलो. बाहेर ती बाई विचारते, "याला भाऊ-बहीण कोणी?" आणि तुझा आवाज येतो, "नाय ताई, एकटाच हाय बिचारा." मग भावाचा आवाज, बारीक, न अडखळता, तेच वाक्य. तू रात्री झोपवताना घोटून घेतलेलंस ना त्याच्याकडून. ते गेल्यावर तू मला त्यांनी आणलेली जिलबी दिलीस. मी ती चुलीत टाकली. तू कानाखाली वाजवलीस आणि बोललीस, "तुझ्या रागान त्याची फी भरनार हाय का?" नंतर एकटीच भांडी घासत बसलीस. त्या दिवशी मला तू घासायला हाक मारली नाहीस.

पुढं ते यायचे तेव्हा तू मला भातसा नदीच्या काठावर गोधड्या धुवायला पाठवायचीस. एकदा ते न सांगता आले. मी गेटजवळ गोणी उतरवतोय, भाऊ बाजूला उभा. बाईंनी मलाच विचारलं, "तू कोण रे?" मी बोललो, "किचनमधला." बरं का मावशी, मला वाटलेलं, आता तरी हा काहीतरी बोलेल. दहा-अकराचा झालेला तेव्हा, कळत होतं त्याला. तो बुटाची लेस बांधायला खाली वाकला. बूट त्यांनीच दिलेले. मी आठवीतून पळालो ते त्याच आठवड्यात. तू मला शोधायला आंबिवली स्टेशनपर्यंत आलेलीस म्हणे. मी तेव्हा नाशिकला एका ढाब्यावर पोहोचलोही होतो.

तो शिकला. कल्याणला फ्लॅट आहे त्याचा. लग्नात ते डोंबिवलीचे काका-काकू आई-बापाच्या जागी बसले. मला लग्न झाल्यावर कळलं. फोन केला तर बोलला, "दादा, आता कसं सांगू? एवढी वर्षं खोटं बोललो, काकूंना काय वाटेल? आणि हिलाही माहीत नाही." त्याचंही खोटं नाही. तू त्याला पाणी घातलंस, झाड आलं. फक्त त्याला खरंच कोणी नाही असं होऊन बसलं. आणि मलाही.

काल दुपारच्या सुट्टीत सरांना फोन लावला. विचारलं, "सर, याला भाऊ-बहीण कोणी?"

"नाही रे. एकटाच आहे."

"सर, मी तुमच्याकडेच वाढलोय."

मागून पोरांची प्रार्थना ऐकू येत होती. मग सर बोलले, "तुला दोन झेपतील?"

खोलीचं भाडं, एजंटचं उरलेलं देणं, सगळं डोक्यात फिरलं. "झेपणार नाहीत," मी बोललो.

"मग कशाला विचारतोस, बाळा?" सरांचा आवाज चढला असता तर भांडलो असतो. चढला नाही.

मी बोललो, "याला घेतो. पण मी आलो की दुसऱ्याला लपवायचं नाही. कोठीत नाही, नदीवर नाही. दोघं समोर पाहिजेत मला."

"उभे करतो दोघांना. कधी येतोस?"

"दिवाळीत."

"ये," सर बोलले. "त्यांना सांगून ठेवतो." आता त्यांनी सांगितलंही असेल. त्या दुसऱ्यालाही.

इतकी वर्षं तुला शिव्या दिल्या मी, मनात. कांद्याने नव्हतं तुझ्या डोळ्यांत पाणी, हे आता बोलून काय उपयोग. हा कागद कामाच्या पँटीच्या खिशात राहील, धुण्यात त्याचा लगदा होईल. सरांना जे बोललो नाही ते तेवढं यात लिहितो. दिवाळीची सुट्टी मला मिळालीये, साहेबांनी सहीपण केली. त्या दुसऱ्याने मला विचारलं, माझं काय, तर मी कुठं बघू? मी खडवलीला जाणार नाहीये, मावशी.