तांबडीला मांडीवर घ्या

मामा,

कंपनीची गाडी आली, मी सुप्याला निघाले. तांबडी कोंबडी पाटीखाली झाकून ठेवलीय. लांब गवत गिळून तिच्या गळ्याखालची पिशवी गच्च झालीय. दाणे टाकू नका, नुसतं पाणी ठेवा. अधूनमधून मांडीवर घेऊन पिशवी हलक्या हातानं चोळा. उलटी मात्र धरू नका.

मी नवी नांदायला आले तवा आत्याबाईंनी हे शिकवलं. चोळता चोळता आत्याबाई कोंबडीला तुमच्याबद्दलच्या तक्रारी सांगायच्या. चोरून घेतलेली साखर, वाटंल तिथं टाकलेली टोपी. कोंबडी निवांत बसून ऐकायची. माझ्याजवळ तांबडी नुसती फडफडती.

आत्याबाई गेल्यापासून तुमी कुणाशी धड बोलला न्हाई. त्यांच्याबद्दलच्या तक्रारी तुमच्याकडंबी असतीलच. तांबडीला सांगा. ती कुणाला सांगत न्हाई.

मोनिका