मुक्काम सुमनकडे

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी लेकीचा, वैदेहीचा, हैदराबादहून फोन. (यापुढे वै. एवढेच लिहीन, बोटे दुखतात.) नाताळच्या सुट्टीत सगळी येणार. ती, जावई, नात रेवा आणि नागपूरचे तिचे सासू-सासरे. त्या दोघांनी कोल्हापूर पाहिलेले नाही. अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा असा बेत. ऐकून बरे वाटले. मग म्हणाली, "आई, राहायचं कुठे ते तूच सांग. तुझ्याकडे, सुमनमावशीकडे, की सरळ हॉटेल? तू नीट विचार करून सांगतेस."

नीट विचार करून सांगते, हे खरे. पण आईच्या गावी येताना लेकीने हा प्रश्न विचारावा, आणि माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे नाव माझ्या शेजारी पर्याय म्हणून यावे…

असो. प्रश्न विचारला आहे. प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे.

१४ डिसेंबर, रविवार

दिवसभर हाच विषय. हॉटेल प्रथम बाद केले. नंतर लक्षात आले की वै.ने हॉटेल निवडले तर मला फारसे दुःख होणार नाही. सुमनकडे उतरली तर होईल. म्हणजे माझा विरोध घराबाहेर राहण्याला नाही. निष्कर्ष काढणे अवघड नाही. तो येथे लिहीत नाही.

सुमनचे (सु.) घर शिवाजी पेठेत, माझा फ्लॅट कळंब्याला. प्रतिपक्ष कोण, हे स्पष्ट आहे. इतकी वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना एकच शिस्त लावली: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, आणि तीही त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकी भक्कम, मग तिचे खंडन, मग आपला सिद्धान्त. विरोधकाला दुबळा करून जिंकणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण देत नसे. स्वतःच्या लेकीपुढे वेगळा नियम कसा लावू?

संध्याकाळी वै.ला सविस्तर पूर्वपक्ष पाठवला. शिवाजी पेठेतून अंबाबाईचे देऊळ पायी जाण्याइतके जवळ. रंकाळ्यावर सासऱ्यांना संध्याकाळचा फेरफटका. घर तळमजल्यावर, सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना नाही. पुढे अंगण, रेवाला खेळायला सवंगडी. आणि शेवटी: "सुमनच्या हातच्या पांढऱ्या रश्शाची बरोबरी माझ्या स्वयंपाकात काहीही करू शकत नाही."

हे शेवटचे वाक्य लिहिताना त्रास झाला. म्हणूनच ठेवले. जेथे त्रास होतो तेथेच प्रतिपक्ष खरा बळकट असतो, असे वर्गात सांगत असे.

उत्तरपक्ष, म्हणजे खंडन आणि माझी बाजू, उद्या सकाळी, ताज्या डोक्याने. मुद्दे मनात तयार आहेत.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी उठून फोन पाहिला. वै.चा निरोप रात्रीच आलेला. "आई, किती छान लिहिलंस! आम्ही सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. सासूबाई तर रश्शावरच खूश. ठरलं मग, मावशीकडेच उतरतो. तुलाही दगदग नको."

पुढे हसरा चेहरा.

उत्तरपक्ष पाठवला नाही. निर्णय झाल्यानंतरचा युक्तिवाद म्हणजे तक्रार. आणि तक्रार मी करत नाही.

दुपारी सु.चा फोन. "आक्का, अगं पोरगी माझ्याकडं उतरणार म्हनं! आन् तूच सांगितलंस तिला? मला तर खरंच वाटंना. म्हटलं, आक्का माझ्या घराचं गुण गाती म्हंजे काय तरी चुकलंय बघ." हसली. तिचे हसणे फोन कानापासून दूर धरला तरी ऐकू येते.

मी म्हणाले, "वस्तुस्थिती सांगितली."

"व्हय, व्हय. वस्तुस्थिती! तुला वाईट न्हाय न्हवं वाटलं?"

"वाटण्याचे कारण?"

"न्हाय, उगंच इचारलं."

१८ डिसेंबर, गुरुवार

सु.ने खोली पाहायला बोलावले. "तुझी नजर पडली की मला धीर येतो," म्हणाली. नवी गादी, नव्या चादरी, भिंतीला रंग. भाच्याला, म्हणजे तिच्या मुलाला, पन्हाळ्याच्या गाडीचे सांगून ठेवले आहे. रेवासाठी अंगणातल्या आंब्याला झोपाळा टांगला आहे. दोर ओढून पाहिला. मजबूत. खोट काढायला जागा मिळावी, अशी इच्छा होती; मिळाली नाही. पडद्याचा रंग तेवढा भडक. तो सांगितला.

"मग दुसरा लावतो की," म्हणाली, आणि तेथल्या तेथे स्टुलावर चढून पडदा काढू लागली. आमच्याकडच्या बायका असेच बोलतात: जातो, येतो, लावतो. माहेरी, नेसरीला होतो तोवर मीही बोलत असे. कॉलेजात पहिल्याच वर्षी टाकून दिले. सु.ने काहीच टाकले नाही. तिला कधी टाकावे लागले नाही.

पडद्याबद्दल बोलायला नको होते. तिने माझे ऐकले, आणि त्यामुळे ती खोली आणखी चांगली झाली.

२१ डिसेंबर, रविवार

वै.चे बालपण आठवले. म्हणजे आठवू दिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला उत्तरपत्रिका असत, वै. सु.कडे. परत येई तेव्हा केसांना सु.च्या घरच्या खोबरेल तेलाचा वास. डोके धुतल्यावरही दोन दिवस जात नसे. मी तेव्हा शाम्पू बदलला होता. कारण कोंडा, असे सांगितले होते.

२५ डिसेंबर, गुरुवार

आली. स्टेशनवर मी व सु. दोघी. रेवा डब्यातून उतरली ती धावत… मध्ये हमाल, बॅगा, गर्दी, सु. पुढे उभी होती, म्हणून आधी तिच्या गळ्यात. मी मागे उभी होते, म्हणून नंतर माझ्याकडे. अंतराचा प्रश्न. याहून जास्त अर्थ काढण्यास आधार नाही.

रात्रीचे जेवण सु.कडे. तांबडा, पांढरा, सुके मटण, भाकरी. वै.च्या सासूबाई तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाल्या, "बाई, आम्हाला वाटायचं आमचं सावजीच तिखट. हे तर मस्तच हो!" सु. म्हणाली, "पावणं, अजून कुठं काय खाल्लंय तुम्ही? उद्याच्याला बगा." सासरे खाली मान घालून जेवत होते. त्यांना शाळेतून निवृत्त होऊन फार दिवस झालेले नाहीत. मला वाटले, त्यांच्याशी बोलता येईल. तेही सु.ने वाढायचे थांबण्याची वाट पाहत होते. ती थांबली नाही.

वै. सु.च्या शेजारी पाटावर. मला खुर्ची दिली. गुडघ्यांची काळजी म्हणून. खुर्चीवरून सर्वांची डोकी दिसतात.

परत रिक्षाने. जावई सोडायला येतो म्हणाले. नको म्हटले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी देऊळ, दुपारी नवा राजवाडा. राजवाड्यात मी माहिती सांगितली. वै.चे सासरे कान देऊन ऐकत होते; प्रश्नही नेमके विचारले. बाकीचे पुढे गेले. मागे वळून पाहिले तर सु.च्या पदराचे टोक धरून रेवा चाललेली.

संध्याकाळी रंकाळा. भेळ. रेवा मला म्हणाली, "आजी, मी तिकडं जातो." मी म्हणाले, "जाते." ती म्हणाली, "छोटी आजी जातो म्हणते." वै. हसली. "अगं आई, एका दिवसात कोल्हापूरकरीण झाली बघ."

'छोटी आजी' हे नाव कोणी ठेवले, ते विचारले नाही. मोठी आजी कोणी आहे का, हेही नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

आधी पन्हाळा, मग जोतिबा. पन्हाळ्यावर वारा, फार बोलता आले नाही. जोतिबाच्या पायऱ्यांवर दुकानांच्या दाराशी गुलालाचे ढीग. सर्वत्र गुलाबी. सु.ने मूठ भरली आणि "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत आधी व्याह्यांना, मग विहीणबाईंना, मग वै.ला, जावयांना, रेवाला. नागपूरच्या बाई हसून हसून बेजार. परतताना गाडीत सगळ्यांचे कपाळ, कान, गळे गुलाबी. पुढच्या सीटवर माझी पांढरी साडी. पांढरीच.

मला कोणी गुलाल लावला नाही. सु.ची मूठ माझ्यापर्यंत आली होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि रेवाच्या डोक्यावर रिकामी केली.

मी नको म्हटले नव्हते.

२८ डिसेंबर, रविवार

वै. एकटीच कळंब्याला आली. पूर्वसूचना न देता. चहा मीच केला. तिचे सासू-सासरे व जावई आज संध्याकाळच्या गाडीने जाणार. ती आणि रेवा आणखी चार दिवस राहणार. हे मला आजच कळले. सु.ला बहुधा आधीच माहीत असावे.

खिडकीतून दिसणाऱ्या कळंबा तलावाकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई, रागावलीयेस?"

"नाही."

"तीन दिवस तू आमच्यात येतेस, आणि परक्यासारखी उठून जातेस."

न बोलण्याचे ठरवले होते. बोलले. उत्तरपक्ष सांगितला, संपूर्ण, क्रमाने. की त्या रात्री पाठवले ती फक्त विरोधकाची बाजू होती. की तिचे खंडन तयार होते. की दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणार होते. की तू अर्ध्यावर निर्णय घेतलास. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. लहानपणी ऐकत असे तसे, कप दोन्ही हातांत धरून.

"आणि या उत्तरपक्षात काय होतं? कळंब्याची हवा चांगली? शांतता? पुस्तकं?"

"होय. आणि इतरही मुद्दे."

"त्यात कुठे 'ये' होतं?"

"ते गृहीत होते."

"आई, गृहीत धरलेलं तू दुसऱ्या कुणाला कधी चालू देतेस का?"

माझ्याच शस्त्राने, आणि घाव सुबक. अशा उत्तराला वर्गात पूर्ण गुण दिले असते.

दारात चप्पल घालताना म्हणाली, "मावशीने मला एवढंच पाठवलं होतं. 'खोली झाडून ठेवलीया, या.' मी ते वाचून तुला फोन केला, राहू कुठे म्हणून. वाटलं, आता तरी ही 'ये' म्हणेल. तर तू मावशीच्या घराचं असं वर्णन पाठवलंस की मला वाटलं, तुला आम्ही नकोच आहोत आणि तू ते सभ्यपणे सांगतेयस."

म्हणजे प्रश्नाच्याही आधी सु.चे बोलावणे गेले होते. आणि त्यानंतरही लेकीने मला विचारले होते. ही दोन्ही वाक्ये मी जिन्यात पावले वाजेनाशी होईपर्यंत मनात जुळवत उभी राहिले. पहिल्याने जळफळाट झाला. दुसरे अजून नीट समजलेले नाही.

"हे चार दिवस कुठे राहायचं ते बघू," असे जिन्यातून म्हणाली होती. तिने विचारले नाही. सांगितलेही नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून फोन हातात. निरोप लिहिला, पुसला. "तुमच्या सोयीने": पुसले. "रेवाला तलावावर पक्षी पाहता येतील": पुसले. हा पुन्हा मुद्दाच. शेवटी लिहिणे सोडून सरळ फोन लावला.

सु.ने उचलला. वै.चा फोन, आणि उचलला सु.ने.

"आक्का व्हय? वैदू न्हातीया. काय निरोप द्यायचा?"

ठेवून द्यावा असे वाटले. नंतर करते, हे वाक्य तोंडापर्यंत आले. मागे रेवाचा आवाज, झोपाळ्याच्या दोराची कुरकुर. लेकीला म्हणायचे ते एकच वाक्य, आणि तेही हिच्या कानात घालायचे. जिच्या घरून ती निघावी असे मला वाटते, तिलाच निरोप्या करायचे.

म्हणाले, "तिला सांग, मी बोलावलं आहे. तिला आणि रेवाला. राहायला."

पलीकडे पळी खाली ठेवल्याचा आवाज.

"चारी दिवस?"

"चारी दिवस."

"माझ्याकडनं न्यायचीस म्हन की."

"होय."

"आक्का, पोरीला मी आज पुरणपोळी करायची म्हटलीया. डाळ शिजतीया."

"मग पोळी खाऊन येऊ दे."

"येऊ दे म्हंतीस… बरं. सांगतो की." आणि फोन ठेवला. हसली नाही.

आता दीड वाजला आहे. वै.चा फोन नाही. सु. निरोप सांगेल का? सांगेल, असे मानायला कारणे आहेत: ती खोटे बोलत नाही, लहानपणी माझ्या वाट्याचे तिने कधी खाल्ले नाही. सांगणार नाही, असे मानायलाही एक कारण आहे, आणि ते मला आतून माहीत आहे, कारण तिच्या जागी मी असते तर डाळ शिजेपर्यंत थांबले असते. कदाचित पोळ्या संपेपर्यंतही.

पुरणाच्या दिवशी सु.कडे पंगत उशिरा बसते. फोन न येण्याला हे कारण पुरेसे आहे. तीन वाजेपर्यंत पुरेल.