पाचवा माणूस

राजापेठ, अमरावती
गुरुवार, सकाळ

प्रिय किसन,

तुझं पत्र सोमवारी आलं. अकोल्याहून फोन क्षणात लागतो, तरी तू पोस्टाचं पत्र लिहितोस, आणि मीही पाकीट फोडण्याआधी तुझं अक्षर पाहत बसतो. या वेळी मात्र दुसऱ्याच ओळीशी अडलो. दीक्षाच्या बाजूनं दोन मतं पडली, त्यातलं एक माझं असणार, म्हणून तू आभार मानलेस. किसन, ते मत माझं नव्हतं.

अकरा वर्षं वाचनालय सांभाळणाऱ्या तुझ्या लेकीवर ठपका काय, तर अध्यक्षांचं ऐकलं नाही. वरचा हॉल त्यांच्या जावयाला ट्युशन क्लाससाठी हवा होता. तिथं मोझरी-तिवशाकडच्या पोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बसतात. दीक्षानं किल्ली दिली नाही. मला तर त्या जिन्यावरून जाताना त्यांचं पाठांतर ऐकून आपली तिवशाची शाळा आठवायची. चौथीत आपण कविता एका सुरात म्हणायचो. मला कडवं आठवेनासं झालं की मी नुसते ओठ हलवायचो, तुझ्या खणखणीत आवाजाखाली ते खपून जायचं. गुरुजी दोघांनाही शाबासकी द्यायचे. त्या शाबासकीची चव अजून जिभेवर आहे बघ. आणि आता तिची लाज वाटते.

कार्यकारिणीच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्ष ललितभाऊंचा फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा. म्हणाले, "गुरुजी, तुमी फक्त येऊन बसा. मत नका देऊ पायजे तं. तुमच्यासारख्या मानसानं कोनाची बाजू कावून घ्या लागते?" माझी सून रागिणी त्यांच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, तिचं कायम होणं जूनवर आलं आहे. तिचं नाव त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. मला तर वाटलं, केवढा समजूतदार माणूस, मला कोंडीतून सोडवतो आहे. मी त्यांचे आभारसुद्धा मानले.

कार्यकारिणी आमची नऊ जणांची, कोरम पाचाचा. चौघं त्या दिवशी आलेच नाहीत. कोणाचं लग्न, कोणाची कंबर. ललितभाऊ आणि नितेश दीक्षाला काढायच्या बाजूनं, बेबीताई आणि सुभद्राबाई विरोधात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी तटस्थ. मनात हिशेब सोपा होता: दोनाला दोन, म्हणजे ठराव पडला, पोरगी राहिली आणि मीही कोणाच्या डोळ्यांवर आलो नाही. तेवढ्यात नितेशनं घटनेचं पुस्तक उघडून वाचलं: समसमान मतं पडल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक. किसन, वाचनालयाची घटना शुद्ध मराठीत लिहून द्या म्हणून एकेकाळी मलाच बसवलं होतं. ते वाक्य माझं आहे. कानाला गोड लागतं म्हणून 'निर्णायक' हा शब्द मी शोधून घातला होता. ललितभाऊंनी दुसऱ्यांदा हात वर केला आणि काम संपलं.

बाहेर चपला घालताना बेबीताई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "गुरुजी, तुमी घरी झोपून राह्यले असते, तं पोरीची नोकरी वाचली असती."

तेव्हा कुठं उजेड पडला. मी विरोधात हात वर केला असता तर ठराव पडला असता. गेलोच नसतो तर चौघांत सभाच भरली नसती. त्यांना माझं मत नकोच होतं, माझी खुर्ची भरलेली हवी होती. मला वाटलं मी काहीच केलं नाही. खरं म्हणजे त्या दिवशी सगळं मीच केलं.

काल रागिणीला सांगितलं. मला वाटलं होतं तसं तिला वाईट वाटलं नाही, राग आला. "बाबा, माह्या नावावर गप्प बसाच्या आधी मले विचारलं तं असतं," एवढंच म्हणाली आणि उत्तरपत्रिका तपासायला बसली. तिनं माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही, पण चहा ठेवताना कप जरा जोरात ठेवते.

आता रविवारचं. दहा वाजता आमसभा आहे, ठराव फिरवायला. तू लिहिलंस की आजीव सभासद म्हणून येशील, मागच्या खुर्चीवर बसशील, पण बापानं लेकीसाठी हात वर करणं बरं दिसत नाही, म्हणून तटस्थ राहशील. याच एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे, आणि रविवारच्या आत पोचावं म्हणून कुरिअरनं धाडतो आहे. आमसभेत हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश हात लागतात. मत देणाऱ्यांपैकी नव्हे, हजर असलेल्यांपैकी. तिथं नुसतं बसणारा माणूस दीक्षाच्या विरोधात मोजला जाईल, मग तो तिचा बाप का असेना. म्हणून ये आणि हात वर कर, नाहीतर अकोल्यातच राहा. मी पहिल्या रांगेत असेन, आणि हात वर करण्याआधी मागच्या वेळी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगेन. ते ऐकून तुला माझ्या शेजारी बसावंसं वाटलं नाही, तर दुसरीकडे बस. पण हात वर कर.

तुझा, पण तुझ्या आभारांना पात्र नसलेला,
नत्थू