निकालाआधीचा घोट

वेवजी, बुधवार, फाल्गुन १९५६

मला आज पंचांत का बसवलं, ते आता कळतंय. दावा लखीचा, माझ्या धाकट्या भावाच्या विधवेचा. पाटलाने बांध सरकवून तिची दोन खजुरीची झाडं आपल्या शेतात घेतली. पंचांचा म्होरक्याही पाटीलच! तो बांध मी आणि भावाने घातला होता. खरी जागा सांगणारा मी एकटाच उरलोय.

निकाल मान्य झाला की पंचाने पानाच्या द्रोणातून ताडीचा घोट घ्यायचा, ही आमची रीत. सरकारची बंदी असली तरी ती चालतेच. घोट घेतला की पुन्हा तोंड उघडायचं नाही.

उन्हात बसून घसा सुकला होता. पाटलाच्या गड्याने द्रोण पुढे केला. "घ्या बाबा, दमलात." मी घेतला. सवयीने घेतला, की भीतीने? लखी तर अजून बोललीही नव्हती.

पाटील म्हणाला, "झालं! यांच्याच माणसाने घोट घेतला. आता वाद कसला?"

"मला तहान लागली होती," मी म्हणालो.

"मग पाणी मागायचं, म्हाताऱ्या!" सगळे हसले.

लखी हसली नाही. "भावजी, बांध कुठं होता, तेवढं तरी सांगा."

रीत मोडली असती तर मला वाळीत टाकलं असतं, असं मघापासून मनाला समजावतोय. पण द्रोण तेव्हा अर्धाच रिकामा झाला होता. तिने विचारल्यावर उरलेली ताडीही मी प्यालो.